दूध उतरवल्याची माफी

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने तिला सांगितलं की माफी मागा, नाहीतर तुमचं लिफ्टचं कार्ड चौथ्या मजल्याच्या वर चालणार नाही. तिचा गुन्हा काय, तर एका घरात शिरून तिने उतू चाललेलं दूध गॅसवरून उतरवलं. बस्स. चोरी नाही, मारामारी नाही. दूध उतरवलं.

मी बसमध्ये कंडक्टर आहे. अख्खा दिवस लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणण्यात जातो, त्यामुळे माझा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला आहे आणि डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना कुणाला वाटेल, बाई फार फटकळ आहे. आहेच.

आम्ही विक्रोळीचे, खाडीच्या बाजूचे. आमची बिल्डिंग तेव्हा चार मजल्यांची होती, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी आणि ओळीने खोल्या. जवळजवळ सगळ्या घरांतले बाप कारखान्यात. माझा बाप फिटर होता. आम्ही साताऱ्याकडचे बौद्ध, शेजारी मालवणकडचं कुटुंब, त्यापुढे एक विदर्भातले, मग परत कोकणातले. कारखान्याचा भोंगा झाला की अख्ख्या गॅलरीत कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या.

आता लोकांना वाटतं, जुन्या बिल्डिंगीत सगळे एका ताटात जेवायचे. मला असलं काही वाचलं की हसू येतं. कुणी एका ताटात जेवत नव्हतं. शेजारच्या मालवणी काकीकडे माझ्या आईसाठी वेगळा कप होता, कान तुटलेला, खिडकीत ठेवलेला. आई तिच्याकडे गेली की दारातच बसायची आणि त्या कपातून चहा प्यायची. काकी वाईट नव्हती. तिला तसंच शिकवलेलं होतं आणि माझ्या आईला पण तसंच शिकवलेलं होतं.

मग एक दिवस काकी नळावर गेली असताना तिच्या स्टोव्हवरचं दूध वर आलं. आईला वास आला. ती धावत काकीच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. आत पाऊल टाकलं नाही. दारात उभं राहून नुसत्या हाका मारत राहिली, अहो काकी, अहो दूध, अहो दूध. दूध उतू गेलं, स्टोव्ह विझला, घरभर रॉकेलचा वास. काकी कळशी घेऊन वर आली आणि तिने आधी स्टोव्हकडे बघितलं, मग आईकडे.

"थंय दारात उबी रवान बोंबलतंस कित्याक? भितर येवन टोप उतरवूक तुझो हात मोडलो काय?"

असली झापली तिने आईला, की सगळी गॅलरी बाहेर आली. पोराच्या तोंडचं दूध गेलं आणि तू उंबऱ्यात उभी राहून आरती केल्यासारखी बघत बसलीस, असं बरंच काही. आई मान खाली घालून ऐकत होती. शेवटी काकी म्हणाली, पुढच्या येळाक सरळ भितर येवचा, इचारूचा नाय. आणि आईच्या हातात फडकं दिलं, की आता पूस.

आईने ओटा पुसला. काकीच्या स्वयंपाकघरात ती त्या दिवशी पहिल्यांदा गेली. त्यानंतर आमच्या मजल्यावर तो नियमच झाला. दार सताड उघडं, नुसता पडदा, आणि ज्याला वास येईल त्याने आत जाऊन गॅस बंद करायचा. घरात कुणी आहे की नाही बघायचं नाही. कितीतरी वेळा मी शाळेतून आले आणि आमच्या ओट्यावर दुसऱ्याच्या हाताने झाकलेली कढई होती. त्या कान तुटलेल्या कपाचं काय झालं मला आठवत नाही. फुटला असेल. नवा आणला नाही एवढं खरं.

कारखाने हळूहळू थंड पडले. बापाने स्वेच्छानिवृत्ती घेतली, म्हणजे नावाला स्वेच्छा. कारखान्याच्या जागेवर काचेची ऑफिसं आली. आधी त्या ऑफिसांत आमच्या बिल्डिंगीतल्या मुली साफसफाईला आणि मुलं सिक्युरिटीला गेली, नंतर काहींची मुलं शिकून कॉम्प्युटरवर बसायला पण गेली. तेही झालंय, नाही म्हणणार नाही. मग बिल्डर आला. आम्ही काही वर्षं संक्रमण शिबिरात काढली आणि परत आलो तेव्हा आमच्या चार मजल्यांच्या जागी टॉवर उभा होता. खालचे चार मजले आमचे जुन्यांचे, वरचे विकलेले. आम्हाला नाव पडलं रीहॅब, म्हणजे पुनर्वसनवाले, आणि वरचे ते सेल. लिफ्टमध्ये बाया एकमेकींना विचारायच्या, ही सेलमधली की रीहॅबमधली? जसं काही आम्ही दारूच्या व्यसनातून बरे होऊन आलोय.

सुरुवातीला चार मजले भरलेले होते. मग एकेक घर विकायला लागलं. कुणाला मेंटेनन्स झेपेना, कुणाच्या दोन मुलांत एक घर पुरेना. एकाने टिटवाळ्याला दोन घरं घेतली, एक बदलापूरला गेला, विदर्भवाले नागपूरला परत. मी कुणाला दोष देत नाही. पण आमच्या मजल्यावर आता दारं बंद असतात आणि दारांवर कॅमेऱ्याच्या घंट्या आहेत. खाली पिठाची गिरणी होती तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आलंय. दळण दळायला आई हल्ली घाटकोपरला जाते, कारण पाकिटातलं पीठ तिच्या मते मेलेलं असतं.

मला कितीतरी लोक विचारतात, तुम्ही का विकत नाही? एजंट तर लिफ्टमध्ये पण सोडत नाहीत. का विकू? माझ्या बापाने इथे जन्म काढला. घर आमचं आहे, कुणी दान नाही दिलेलं. आणि इथून बाहेर पडून मी लांब कुठेतरी राहायचं आणि पहाटेच्या ड्यूटीला इथेच यायचं, म्हणजे शहाणपणा कुणाचा? मी हलणार नाही. लोकांना काय समजायचं ते समजू दे.

आईला टॉवरमध्ये एकच जागा आवडते, गच्ची. गुडघ्यांसाठी डॉक्टरने चालायला सांगितलंय. खाली रस्त्यावर गाड्या, पार्किंगच्या वरच्या मोकळ्या पोडियमवर मुलांच्या सायकली. म्हणून ती रोज संध्याकाळी लिफ्टने शेवटच्या मजल्यावर जायची, तिथून थोड्या पायऱ्या चढून गच्चीवर. तिथे हवा असते. एका बाजूला हायवे दिसतो, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि खाडी. ती फेऱ्या मारते आणि एकटीच बोलत असते. काय बोलतेस विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय.

त्या दिवशी ती गच्चीवरून उतरली आणि शेवटच्या मजल्यावर तिला दूध उतू चालल्याचा वास आला. एका घराचं दार अर्धं उघडं होतं. तिथली कामवाली कचरा द्यायला गेली होती आणि घरची मुलगी, नवीन लग्न झालेली, लहान बाळ असलेली, आंघोळीला. आईने विचार केला नाही. आत गेली, गॅस बंद केला, पदराने टोप उतरवला, ओट्यावरचं सांडलेलं फडक्याने पुसलं आणि फडकं पिळून नळावर वाळत घातलं. तेवढ्यात ती मुलगी बाहेर आली आणि किंचाळली. साहजिक आहे. अनोळखी म्हातारी स्वयंपाकघरात उभी दिसली तर मी पण किंचाळले असते.

आईने तिला खुणेने टोप दाखवला आणि निघून आली. घरी येऊन मला म्हणाली, वरच्या पोरीचं दूध वाचवलं, पण पोरगी लई भित्री हाय.

रात्रीपर्यंत आईचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होता. त्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यातला, पाठमोरा, हातात फडकं. खाली लिहिलेलं, रीहॅबमधली एक बाई आमच्या घरात घुसली. मग एकेकाची जीभ सुटली. कुणी म्हणे सुरक्षेचा प्रश्न, कुणी म्हणे स्वच्छतेचा, बाळाच्या दुधाला हात लावला. कुणी म्हणे ह्या लोकांना सवय असते. ह्या लोकांना! मी तिथे लिहायला घेतलं आणि आईने फोन काढून घेतला. म्हणाली, बसमधी भांडतीस तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आमच्याकडे आला. आता हा सेक्रेटरी कोण ते सांगते, म्हणजे मला राग का आला ते कळेल. हा त्या मालवणी काकीचा मुलगा. तोच, ज्याच्या तोंडचं दूध त्या दिवशी स्टोव्हवर गेलं होतं. काकी गेली, आणि हा शिकला, मोठ्या नोकरीला लागला, आईबापाचं चौथ्या मजल्यावरचं घर विकून वरच्या मजल्यावर मोठं घर घेतलं. चांगलं केलं. आम्हाला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. पण वर गेल्यापासून तो लिफ्टमध्ये भेटला की मोबाईल बघायचा.

तो आला तो आत आला नाही. दारातच उभा राहिला.

"मावशी, गैरसमज झालाय हे मला माहितीये," तो म्हणाला. "पण लोक ऐकत नाहीत. रविवारी मीटिंग आहे. तुम्ही तिथे एकदा सॉरी म्हणा, विषय संपला."

"आणि नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर काय, ताई, कमिटी म्हणते रीहॅबच्या कार्डांना वरचे मजले बंद करू. मग गच्ची पण गेली. मला वाईट वाटेल."

"तुला वाटेल," मी म्हटलं. "वाटून घे."

तो गेल्यावर मी दार आपटलं. मग मी पण जरा विचार केला. एक शब्द आहे, सॉरी. मी ड्यूटीवर दिवसातून कितीदा म्हणते, कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. गच्ची आईचा जीव आहे. ती बंद झाली तर ती घरात बसेल आणि घरात बसली की संपली. मी तिला म्हटलं, आई, म्हणून टाक. नुसता शब्द आहे गं. आपल्या मनात नसलं म्हणजे झालं.

आई शेंगा सोलत होती. सोलता सोलताच म्हणाली, "न्हाय म्हणायची."

"अगं पण गच्ची..."

"गच्ची गेली तर गेली."

मग तिने मला ती गोष्ट सांगितली, जी तिने माझ्या आख्ख्या आयुष्यात कधी सांगितली नव्हती. गावाला ती लहान असताना मोळी टाकायला एका मोठ्या घराच्या परड्यात गेली होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि चुलीवर दूध वर येत होतं. घरात कुणी दिसेना. ती धावत आत गेली आणि परकराच्या ओच्याने भांडं ओढलं. हात भाजला. तेवढ्यात घरची बाई आली. त्यांनी ते सगळं दूध उकिरड्यावर ओतलं, भांडं आगीत घातलं आणि माझ्या आजोबांना बोलावणं पाठवलं. आजोबांनी त्यांच्या उंबऱ्याबाहेर पागोटं काढून ठेवलं आणि माफी मागितली. पोर चुकली, म्हणाले.

"माझा हात भाजला व्हता," आई म्हणाली. "कुणी बघितला न्हाय. आबा पण न्हाय. आबा सगळ्या वाटंनं रडत आला."

मला तेव्हा काकीच्या दारातली आई समजली. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती भित्री म्हणून थांबली. मी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागले. मला रडू येत होतं आणि राग पण येत होता, आणि दोन्ही एकदम आलं की मला काही सुचत नाही. माफीचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

रविवारी मी ड्यूटीवरून थेट मीटिंगला गेले, खाकी कपड्यातच. मुद्दाम. आईने पांढरी साडी नेसली होती, निळ्या काठांची, समारंभाला नेसते ती. क्लबहाऊसमध्ये सगळे जमले होते. वरच्या मजल्यांचे खूप, आमचे जुने अगदी थोडे. ती मुलगी पण होती, बाळाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात. बाळ सारखं तिच्या चष्म्याला हात घालत होतं.

सेक्रेटरीने विषय वाचला. खूप गोड वाचला. आपण सगळे एक परिवार आहोत, वगैरे. मग म्हणाला, "मावशींनी फक्त दिलगिरी व्यक्त करावी, एवढीच अपेक्षा आहे."

मी उठणार होते. सगळं तयार होतं तोंडात, काय काय म्हणायचं ते, आणि त्यातलं निम्मं छापता येण्यासारखं नाही. आईने माझा हात दाबला आणि स्वतः उठली.

"तुझ्या आईनं मला शिव्या घातल्या व्हत्या," ती सेक्रेटरीला म्हणाली. "आत आले न्हाय म्हणून. तुझं दूध सांडलं म्हणून. सगळ्या मजल्यानं ऐकलं. तुला आठवत नसंल, तू पाळण्यात व्हतास. आज तू माफी मागायला लावतोस, आत गेले म्हणून. आता मी कुणाचं ऐकायचं, तूच सांग."

त्याने खाली बघितलं. कागद सरळ केला. कुणीतरी मागून म्हणालं, इमोशनल होऊ नका, मुद्द्यावर बोला.

"मी तुझ्या आईचं ऐकणार," आई म्हणाली. "माफी मागणार न्हाय. परत वास आला तर परत जाणार."

मग मतदान झालं. हात वर झाले. आमच्या जुन्यातला पण एक हात वर गेला, त्याचं घर विकायला निघालंय आणि त्याला वरच्यांशी वाकडं नको होतं. सेक्रेटरीचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, कोपरापर्यंतच, पण गेला. ठराव पास. तेव्हापासून आमच्या कार्डांना वरच्या मजल्यांचा दिवा लाल लागतो. मी तक्रार केली आहे, सुनावणीच्या तारखा पडतायत, मी सोडणार नाही. तोपर्यंत आम्ही जिन्याने जातो. जिना आगीसाठी असतो, त्याला कुलूप घालता येत नाही, हे मी त्यांना छापील दाखवलं आहे. मजल्यामजल्यावर आई पायरीवर बसते, मी पाणी देते, मग पुढे. वरचे लोक कचरा टाकायला येतात तेव्हा आम्हाला ओलांडून जावं लागतं. जाऊ देत ओलांडून.

पण त्या दिवशी मतदान संपलं, खुर्च्या सरकायला लागल्या, आणि आई दाराकडे न जाता त्या मुलीकडे गेली. मुलगी घाबरून उभी राहिली. तिला मराठी फार येत नाही, आईची हिंदी म्हणजे बाजारातली.

"वो दूध," आई म्हणाली. "उस दिन का. फेक दिया क्या?"

मुलगी गोंधळली. तिने माझ्याकडे बघितलं, मग सेक्रेटरीकडे.

"नहीं आंटी," ती म्हणाली. "फेका नहीं. इसको पिलाया."

"सगळं?"

"हाँ. सब पी गई."

आईने त्या बाळाकडे बघितलं. मग तिने मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मला विचारलं:

"पोरीनं प्यालं की. मग माफी कसली?"